मिठाच्या भिंती आणि मोकाट पाणी

इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या सिवा या मरूद्यानाचा एक फोटो गेली काही वर्षं फोनाफोनांतून फिरतो आहे. पांढऱ्याशुभ्र जमिनीत कापलेला लांबट हौद, त्यात हिरवंनिळं पाणी, आणि मधोमध हातपाय पसरून तरंगणारा माणूस. खाली ओळ असते, 'वाळवंटातला नैसर्गिक तलाव'. ती ओळ मला दर वेळी खटकते. तो तलाव नैसर्गिक नाही, ती खाण आहे. सिवाच्या पूर्वेला आटलेल्या तळ्यांवर मिठाचा जाड थर बसलेला आहे. यंत्रांनी त्यात लांबच लांब चर खणतात, मीठ काढून ढीग लावतात, ट्रक भरतात. त्यातलं बरंच मीठ युरोपातल्या रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला जातं. मागे राहिलेल्या खड्ड्यांत खालचं पाणी भरतं आणि पांढऱ्या तळामुळे ते निळं दिसतं. देखणं आहेच, नाही कोण म्हणतो? पण ज्या मिठाने हा हौद दिला त्यानेच इथलं जुनं गाव उभं केलं, आणि आज तेच मीठ इथल्या बागा मारतं आहे. फोटोत यातलं काही येत नाही.

हौदात उतरायचंच असेल तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. आदल्या दिवशी दाढी करू नये, पायांवर वस्तरा फिरवू नये. साध्या ओरखड्यालाही अशी झोंबी येते की माणूस ओरडत बाहेर येतो. काठ धारदार असतो, मिठाचे खडे तळव्यात घुसतात, म्हणून पायातली चप्पल पाण्यापर्यंत ठेवावी. सूर मारायचा नाही, डोकं बुडवायचं नाही, पोटावर तर तरंगायचंच नाही, कारण पाणी पाय वर उचलतं आणि तोंड खाली जातं. पाठीवर पडून राहावं. डोळ्यांत थेंब गेला तर हाताने चोळू नये, कारण हातही खारेच असतात. गोड्या पाण्याच्या दोन बाटल्या काठावर ठेवाव्यात, एक डोळ्यांसाठी आणि एक अंगासाठी. अंग तसंच वाळू दिलं तर कातडीवर पांढरे पापुद्रे धरतात आणि कपड्यांखाली दिवसभर चरचर होते. एवढं करून त्या पाण्यात पडलं की शरीराचं वजन म्हणून काही उरत नाही, हे मात्र खरं.

सिवाचं मीठ बाहेर जाणं नवीन नाही. अलेक्झांडरच्या मोहिमांचा इतिहास लिहिणाऱ्या अ‍ॅरियनने नोंदवलं आहे की इथल्या अमून देवाच्या देवळाचे पुजारी इथलं खणून काढलेलं मीठ खजुराच्या पानांच्या टोपल्यांत भरून नाईलकाठच्या इजिप्तला नेत आणि राजाला भेट देत. तीन बोटांहून लांब, स्फटिकासारखे स्वच्छ खडे. समुद्राच्या मिठाहून ते शुद्ध, म्हणून यज्ञयागाला वापरत. टोपलीच्या जागी ट्रक आला आणि यज्ञाच्या जागी हिवाळ्यातला महामार्ग.

आता भिंतींकडे येऊ.

गावाच्या मधोमध टेकडीवर शालीचे अवशेष आहेत. शाली म्हणजे जुनं तटबंदीचं गाव. सिवाच्या लोकांनी जपलेल्या हस्तलिखितानुसार १२०३ साली सात कुटुंबांतल्या चाळीस पुरुषांनी ते वसवलं. सतत धाडी पडत, म्हणून तटाबाहेर घर बांधायला बंदी होती. मुलाचं लग्न झालं की बापाच्या घरावर मजला चढे, नातवाचं झालं की आणखी एक. अशी चार-पाच मजल्यांची घरं एकमेकांना चिकटून वर वर गेली, आणि खालच्या गल्ल्यांत भर दुपारी दिवा लागावा इतका अंधार झाला. हे सगळं ज्याचं बांधलं त्याला इथे कर्शीफ म्हणतात. तळ्याकाठचा कडक झालेला खारट थर कुदळीने फोडायचा, त्याची ढेकळं उन्हात वाळवायची. वीट नसते ती, साचा नसतो. प्रत्येक ढेकूळ वेगळं, राखाडी-तपकिरी, आत मिठाचे डोळे चमकणारं, हातात घेतलं की अंदाजापेक्षा जड. सांधायला त्याच भागातली चिकणमाती भिजवून लावतात, आणि त्या मातीतही मीठ असतंच.

खरी करामत इथेच आहे. ओल्या मातीतलं खारं पाणी ढेकळाच्या भेगांत शिरतं, पाणी उडून जातं आणि मीठ पुन्हा स्फटिक होऊन बसतं. माती आणि ढेकूळ यांच्यात सांधा असा राहतच नाही, पुरी भिंत एकजीव होते. म्हणून जुनी भिंत पाडताना ती थरांनी सुटत नाही, कुठूनही कशीही तुटते. गवंडी परांची बांधत नाही. तो भिंतीवरच घोडा करून बसतो, खालून एकजण ढेकूळ फेकतो, तो झेलतो, फिरवून त्याची बसायची बाजू शोधतो, मातीत दाबतो आणि मागे सरकतो. घाई मात्र चालत नाही. एक टप्पा चढला की तो पुरता वाळेपर्यंत थांबायचं. ओल्या थरावर वजन चढवलं तर भिंत पोट काढते, आणि एकदा पोट काढलेली भिंत दुरुस्त होत नाही, उतरवावीच लागते. म्हणून बांधकाम उन्हाळ्यातलं. भिंत तळाशी जाड आणि वर निमुळती घेतात, त्यामुळे शालीचं कुठलंही घर काटकोनात नाही. माळवदाला खजुराचे चिरलेले ओंडके, त्यावर पानांच्या दांड्यांची आडवी रांग, त्यावर चटई आणि चिखल. दाराखिडक्यांना ऑलिव्हचं लाकूड, कारण खजुराचं लाकूड तंतूतंतूंचं असतं, त्यात खिळा धरत नाही. खिडक्या लहान आणि थोड्या. बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा असताना आत पाठ टेकली की भिंत गार लागते, आणि जानेवारीच्या रात्री बाहेर हात आखडत असताना तीच भिंत दिवसाची ऊब हळूहळू सोडत असते.

लिटरभर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळतं. खाणीच्या हौदातलं पाणी आधीच तुडुंब खारं असतं, त्याला आणखी मीठ घेता येत नाही, म्हणून हौदाचे काठ त्यात उभे राहतात. पावसाचं पाणी मात्र उपाशी असतं.

सिवात वर्षाकाठी सरासरी दहा मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे नसल्यासारखाच. १९२६ साली तो सलग तीन दिवस पडला. सातशे वर्षांच्या भिंतींतलं मीठ सुटलं, माळवदं भिजून जड झाली, वरचे मजले खालच्यांवर बसले आणि लोक टेकडी सोडून खाली आले. सगळीकडे ही गोष्ट एवढीच सांगतात, आणि मला ती अपुरी वाटते. पाऊस त्याआधीच्या शतकांतही कधीमधी आला असणारच. फरक असा की तेव्हा वर माणसं राहत होती. कर्शीफच्या घराला दर वर्षी हात लावावा लागतो. माळवदावर नवा चिखल, उतार नीट करणं, भिंतीच्या माथ्यावरची फूट भरणं. १८२० मध्ये इजिप्तचा शासक महंमद अली याच्या फौजेने सिवा घेतलं, धाडींची भीती हळूहळू ओसरली, तटाबाहेर घरं बांधायला मोकळीक झाली आणि शाली माणसामाणसाने रिकामी होऊ लागली. ज्या घरात चूल पेटत नाही त्याच्या माळवदावर कोण चढणार? १९२६ चा पाऊस अशा अर्ध्या सोडलेल्या गावावर पडला. त्याच वाळवंटात इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये अलेक्झांडर अमूनच्या देवळात कौल घ्यायला निघाला असताना त्याच्या माणसांजवळचं पाणी संपलं होतं आणि अवचित आलेल्या पावसाने त्यांना वाचवलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. ज्या खोलीत त्याला उत्तर मिळालं असं मानतात ती अघुर्मीच्या खडकावर अजून उभी आहे. ती दगडाची आहे.

खाली उतरलेल्यांनी पुढच्या काळात सिमेंटच्या विटांची घरं बांधली, आणि त्यांना नावं ठेवणाऱ्या पाहुण्यांचा मला राग येतो. मोरीचा नळ घरात हवा, संडास घरात हवा, पाऊस आला तर छत डोक्यावर राहायला हवं, हे मागणं चुकीचं कसं? कर्शीफचा आणि नळाचा मेळ बसत नाही. भिंतीतून गेलेल्या पाइपाचा एक सांधा गळू लागला की आठवड्याभरात तिथे ओलसर काळा डाग दिसतो, मग मीठ फुलतं, मग ढेकूळ भुसभुशीत होऊन हाताने निघतं. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर आणखी वाईट. सिमेंट त्याला धरत नाही, ओल आत कोंडते, गिलाव्यामागे मीठ फुगतं आणि पापुद्रा अख्खा सुटून पडतो. काँक्रीटचा खांब घातला तर आतली सळी गंजून खांबच फुटतो. जाणता गवंडी म्हणूनच न्हाणीघर वेगळ्या साहित्यात, बाजूला काढून बांधतो आणि पाइप भिंतीबाहेरून उघडा नेतो. दिसायला वाईट, पण गळती लगेच कळते.

पर्यटकांसाठी मात्र कर्शीफ परत आलं. पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याकाठी, आद्रेर अमेलाल नावाचं एक निवासस्थान गेल्या शतकाच्या अखेरीस बांधलं गेलं. सगळं कर्शीफचं, वीज नाही, रात्री मेणबत्त्या. श्रीमंत माणूस जगभरातून येऊन तिथे विजेशिवाय राहण्याचे पैसे मोजतो. पण त्या कामामुळे हरवत चाललेल्या गवंड्यांना पुन्हा काम मिळालं, हेही तितकंच खरं. शालीची डागडुजी २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या पैशातून सुरू झाली आणि २०२० च्या नोव्हेंबरात ती खुली झाली. वाटा बांधल्या, भिंती सावरल्या, जुनी मशीद नीट केली. एवढ्या पैशात दवाखाना सुधारला असता, असं गावातले काहीजण म्हणाले. दोन्ही म्हणणी मला पटतात आणि दोन्हींत मला चैन पडत नाही.

पावसाने जे केलं ते तीन दिवसांत दिसलं. जमिनीखालून जे चाललंय ते दिसायला तीस-चाळीस वर्षं लागली.

सिवा समुद्रसपाटीपासून सुमारे अठरा मीटर खाली आहे. इथे आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ना नदी, ना ओढा, ना समुद्र. पाणी फक्त वर जाऊ शकतं, वाफ होऊन, आणि जाताना मीठ इथेच ठेवतं. जुन्या सिवाला हे ठाऊक होतं. शेकडो वर्षं इथल्या बागा झऱ्यांवर पिकल्या. गोल, दगडाने बांधून काढलेले झरे, तळातून बुडबुडे येणारे. ज्याला आता क्लिओपात्राचा झरा म्हणतात तो त्यांपैकीच एक, आणि क्लिओपात्राचा त्याच्याशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. झऱ्याचं पाणी पाटांनी बागांत जाई आणि ते पाळीने मिळे. दिवसरात्रीचे हिस्से पाडलेले, कोणाचा हिस्सा किती हे वहीत लिहिलेलं. हिस्सा वारशाने येई, विकता येई, जमिनीपासून वेगळा धरला जाई. पाळी संपली की पाटाची दारं मोडून पाणी पुढच्या बागेत. एवढ्या हिशेबामुळे पाणी कधी फार व्हायचं नाही.

१९८० च्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या मर्सा मत्रूहपासून डांबरी रस्ता आला, पाठोपाठ वीज आली, खजूर आणि ऑलिव्हला बाहेरचा बाजार मिळाला, आणि लोक विहिरी पाडू लागले. वीसपंचवीस मीटरांवर पाणी लागे आणि दाबामुळे आपणहून वर येई. पंपाचा खर्च नाही, झडप बसवलेली नाही. विहीर दिवसरात्र वाहत राहिली, बागेला हवं ते बागेने घेतलं आणि उरलेलं सगळं तळ्याकडे गेलं. तळी फुगली. तळ्याची पातळी वाढली तशी आजूबाजूच्या जमिनीखालची पातळीही वाढली, आणि वाळवंटातल्या बागांची मुळं पाण्यात बुडाली. शिरोळ, मिरज, वाळवा भागात कृष्णाकाठी ऊस ज्याने मारला तेच हे दुखणं. तिथल्या शेतकऱ्याला क्षारपड म्हणजे काय ते समजवायची गरज नाही. आधी जमीन उपळते, चालताना पाय दबतो. मग वाफ्यांच्या कडांवर पांढरी बुरशी दिसू लागते, ती बुरशी नसते, मीठ असतं. मग पानांची टोकं करपतात. सिवात आधी ऑलिव्ह जातो, त्याच्या मुळांना कोंडलेलं पाणी सोसत नाही. खजूर मिठाला दाद देत नाही पण तोही शेवटी शेंड्यातून बारीक होतो. तळ्याच्या काठाने सायकलवरून गेलं की पाण्यात उभे, माथा झडलेले खजुराचे बुंधे दिसतात. ते काठावर लावले नव्हते, काठ त्यांच्यापर्यंत आला.

हिशेब सोपा आहे. पाण्यात लिटरला दोनच ग्रॅम मीठ धरलं तरी घनमीटरमागे दोन किलो होतं. बागेला वर्षभर पाणी देताना आपण किती मीठ टाकतो याचा अंदाज त्यावरून बांधावा. ते धुऊन खाली न्यायला जास्तीचं पाणी द्यावंच लागतं, आणि ते जास्तीचं पाणी वाहून न्यायला चर लागतो, आणि चराला उतार लागतो. सिवात उतार तळ्याशी संपतो. म्हणून सरकारने बऱ्याच उथळ विहिरी बुजवल्या, खोल नुबियन वाळूखडकातल्या गोड्या पाण्याच्या, झडपा असलेल्या विहिरी दिल्या, आणि निचऱ्याचं पाणी पंपाने गावाबाहेर काढायची कामं हाती घेतली. खोलातलं ते पाणी हजारो वर्षांपूर्वीचं, सहारा हिरवा होता त्या काळातलं आहे. ते पुन्हा भरत नाही. बुजवलेल्या विहिरीशेजारी रात्रीतून नवी विहीर पाडली जाते, ही गोष्टही तिथे कोणी लपवत नाही, कारण सुकणारी बाग कोणाच्याच डोळ्यांना बघवत नाही.

आणि बागा आहेतही तशाच. वर खजूर, त्याच्या सावलीत ऑलिव्ह, त्याखाली डाळिंब, लिंबू, मग मेथीघासासारखा जनावरांचा चारा. मजल्यावर मजला. खजुराचं झाड बीपासून लावत नाहीत, कारण अर्धी रोपं नर निघतात आणि फळाची जात टिकत नाही. बुंध्यालगत फुटलेलं पिल्लू मुळांसकट काढून लावतात. वसंतात एकेका मादी झाडावर चढून नर फुलांच्या काड्या फुलोऱ्यात खोवतात आणि वरून सैल गाठ मारतात. हे चुकलं तर खजूर बिनबियांचा, बारका, बेचव राहतो. सप्टेंबरपासून तोडणी. चढणारा माणूस कमरेला आणि झाडाला मिळून एक जाड पट्टा घेतो, पाठ त्यावर टेकवतो, पट्टा वर झटकतो, एक पाऊल चढतो. सईदी हा इथला मुख्य खजूर, अर्धवट मऊ, बरणीत वर्षभर टिकणारा. फ्रेही आणि अझ्झावी सुके, खारकेकडे झुकणारे. तोडलेला माल मोकळ्या आवारात पसरून वाळवत. त्या आवारात परक्या माणसाने हवे तितके खजूर बसून खावेत, बरोबर मात्र एकही नेऊ नये, असा रिवाज जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवला आहे. झाडाचा गाभा छाटून पाझरणारा रस म्हणजे लगबी. सकाळचा गोड, संध्याकाळपर्यंत चढणारा. पूर्वी बागांत राबणारे अविवाहित तरुण, झग्गाला, रात्री तटाबाहेर राहत आणि ती पीत, गात. इथल्या खजुराच्या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१६ साली जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

जायचं कसं, ते थोडक्यात. कैरोहून रात्रीची बस दहा-बारा तास घेते, मर्सा मत्रूहपासून तीनशे किलोमीटरना चारेक तास. वाटेत तपासणी नाकी आहेत, पासपोर्ट हाताशी ठेवावा. ऑक्टोबर ते मार्च हवा सोसते. गावात भाड्याने सायकल घ्यावी. शालीपासून अघुर्मी चारेक किलोमीटर, तिथून झरा आणि दक्रूरचा डोंगर जवळच. मृतांच्या डोंगरावरची थडगी उत्तरेला, गावाला लागून. दुसऱ्या महायुद्धात इटालियन बाँबहल्ल्यांपासून लपायला लोक त्या डोंगरात शिरले तेव्हा त्यातली काही चित्रांची थडगी सापडली. सी-अमूनच्या थडग्यातले रंग पाहायचे तर छतावर उजेड मारावा, भिंतींची बरीच नासधूस झाली आहे. लग्न झालेल्या बायका बाहेर पडताना डोक्यापासून पायापर्यंत निळसर-राखाडी, भरतकामाचं तरफुतीत ओढून घेतात. त्यांचे फोटो काढू नयेत, विचारूनसुद्धा नाही. दारू मिळत नाही, मागू नये. लोक आपसांत सिवी बोलतात, जी उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिघ (बर्बर) भाषांमधली सगळ्यात पूर्वेकडची, आणि पाहुण्याशी अरबी. चहात गवती चहा किंवा पुदिना असतो आणि साखर आपल्याला झेपेल त्याहून जास्त.

तारीख आपल्या हातात असेल तर ऑक्टोबरच्या पौर्णिमेला जावं. तेव्हा दक्रूरच्या पायथ्याशी तीन दिवस सियाहा नावाचा मेळा भरतो. शालीतले पूर्वेचे आणि पश्चिमेचे लोक पिढ्यान्पिढ्या एकमेकांशी भांडत, कधी रक्त सांडेपर्यंत. एकोणिसाव्या शतकात एका सूफी शेखाच्या मध्यस्थीने हा मेळा सुरू झाला, असं सांगतात. पुरुष मोठ्या देगांत मांस शिजवतात, पोळ्या कुस्करून परातींत घालतात, वर रस्सा आणि भात. माणसं घोळका करून परातीभोवती बसतात आणि हाळी आल्याशिवाय कोणी हात घालत नाही. वर्षभरातलं भांडण असेल तर ते जेवायच्या आधी मिटवायचं. आता भांडण पूर्वपश्चिमेचं फारसं उरलेलं नाही, वरच्या बागेचं आणि खालच्या बागेचं आहे. विहीर वरच्याची आणि उपळते खालच्याची जमीन. झडप बसवायचा सरकारी कागद निघतो आणि फायलीत राहतो. त्या परातीभोवती बसलेल्या शेजाऱ्यांना मात्र कोणाची विहीर रात्रभर मोकाट वाहते ते नावानिशी ठाऊक असतं, आणि तिथे ते तोंडावर बोलता येतं.